तारेवरचा नंबर

तारेची जाडी पाच मायक्रॉन होती. माणसाच्या केसाच्या साधारण चौदाव्या हिश्श्याइतकी. दोन सुयांच्या टोकांवर ताणून, विजेनं तापवून ती हवेच्या बोगद्यात धरली, की वाऱ्याच्या बारीकशा हेलकाव्यानंही निवायची, पुन्हा तापायची आणि पडद्यावरची हिरवी रेघ थरथरायची; त्या थरथरीवरून वारा मोजायचा. गंगापूर रोडवरच्या सरकारी प्रयोगशाळेत लताबाई पगारे यांना ती जमवायला सहा वर्षं लागली. त्या स्वतः नऊ वर्षं हंगामी होत्या. तार मंजूर झाली की नोकरी कायम, असं साहेब १९७९ पासून सांगत होते.

अडचण एकच होती. प्रत्येक सरकारी वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर असणं आवश्यक होतं. माठावर होता, माठाच्या झाकणावरही होता.

“सुयांवर टाका की,” लताबाई म्हणाल्या.

“सुयांचा नंबर वेगळा पडतो, बाई,” भांडारपाल आहेर म्हणाले. “वारा मोजतं कोण? तार. मग नंबर तारेलाच.”

शिपाई चिमाजी ब्रश घेऊन आला. “तार कुठं हाय, बाई? मला तर दोन सुयाच दिसत्यात.”

लताबाईंनी भिंग दिलं. चिमाजीनं श्वास रोखून एक ठिपका ठेवला आणि तो वाळावा म्हणून फुंकर घातली. रेघ एकदा उसळली आणि गेली.

“तुटलेला माल जमा करा,” आहेर म्हणाले. लताबाईंनी पाकीट दिलं. आहेरांनी आत डोकावून पावती लिहिली : ‘पाकीट, एक.’

अशा चार तारा गेल्यावर समिती नेमली गेली. सात बैठकांनंतर तिला मूळ दोष सापडला : तारेवर नंबराला जागा नाही. मग तारेऐवजी छत्रीची काडी बसवण्यात आली. नंबर ऐसपैस बसला. शेजारी खात्याचं नावही.

रेघ आता पट्टीनं आखल्यासारखी सरळ आली.

“वा!” साहेब म्हणाले. “इतकी वर्षं नुसती थरथर. सुधारणा म्हणतात ती ही, बाई!”

“साहेब, काडी जाड आहे. निवायलाच तिला पाच मिनिटं लागतात. वारा बदललेला तिला कळतच नाही.” लताबाईंनी बोगद्याचा पंखा बंद करून दाखवला. रेघ जागची हलली नाही.

“बघा!” साहेबांना भरून आलं. “पंखा बंद, तरी यंत्र चालू! परदेशी यंत्राला जमेल हे?”

प्रमाणपत्र तयार झालं : ‘वाऱ्यातील अनावश्यक चढउतार दूर करण्यात आले आहेत.’ खाली लताबाईंची सही हवी होती. त्याला टाचणीनं जोडून आला होता त्यांच्या कायम नेमणुकीचा आदेश. चौदा महिने लताबाई ते कागद खणातून काढत, वाचत आणि परत ठेवत.

आपल्या बदलीच्या दिवशी साहेब स्वतः लताबाईंच्या टेबलापाशी आले. “बाई, उद्या नवा साहेब येईल. तो नवी समिती नेमील. काय ठरवलंत?”

आहेरांनी फाईल मिटली. चिमाजी दारातच थबकला. लताबाईंनी दोन्ही कागद पुन्हा एकदा वाचले. लताबाईंना नावं ठेवण्याआधी वाचकांनी आपण शेवटची सही केली त्या कागदावरचा मजकूर आठवून पाहावा; आठवत नसेल, तर घाई करू नये.

“सही कुठे करायची, साहेब?” लताबाई म्हणाल्या.