सगुणा साळू आणि सरकारी नगारा

एका जंगलात, बाळांनो, एक सरकारी गुहा होती. दारावर पाटी होती : 'राजघराण्याच्या ऐतिहासिक वस्तूंचे भांडार. आत येऊ नये.' पाटी खरं तर बाहेरच्यांसाठी होती. पण कर्मचाऱ्यांनीही ती फार मनावर घेतली. वर्षानुवर्षं आत कोणी गेलंच नाही.

मग तिथे सगुणा नावाची साळू नोकरीला लागली. साळू माहीत आहे ना? अंगभर काटे, आणि चालली की शेपटी खुळखुळ वाजते. आता गुहेत होता चामड्याचा नगारा, रेशमी अंबारी, मखमली गाद्या. अशा ठिकाणी काटेवालीला नेमायचं कोणाला सुचलं, असं तुम्ही विचाराल.

सरकारला सुचलं.

सगुणा मात्र भली होती. रोज पाठीवर गोणपाट बांधायची आणि मगच आत शिरायची. कुठे वळायची वेळ आली तर न वळता उलटी चालत बाहेर यायची.

आत काय मौज होती! छत गळत होतं, त्याखाली पणजोबा महाराजांचं शिरस्त्राण उलटं ठेवलं होतं. थोरल्या सिंह महाराजांचं मांडीचं हाड काचेच्या पेटीत होतं. पेटी होती, काच नव्हती. आणि मधोमध तो नगारा. हा एवढा, हत्ती बसेल एवढा! जुन्या काळी वणवा लागला की तो घुमायचा आणि सगळं जंगल नदीपार पळायचं. आता त्यात चिमाबाई उंदरीण पोराबाळांसह राहत होती.

सगुणाने नगारा पुसला. चामड्याला करंजाचं तेल चोळलं. चोळता चोळता तिचा जीवच जडला त्याच्यावर. एकदा ऐकायला मिळावा, बस्स. ती भांडाराच्या प्रमुखांकडे गेली. प्रमुख होते गवारे साहेब, एक अवाढव्य रानगवा.

"साहेब, नगारा एकदा वाजवून बघू?"

साहेबांच्या नाकातून चहा आला. "वाजवून? बाई, ती ऐतिहासिक वस्तू आहे!"

"पण नगारा आहे ना?"

"होता. आता वस्तू आहे."

"बरं, त्याच्या टिपऱ्या कुठायत?"

"टिपऱ्या लाकडी, म्हणून लाकूड विभागात, टेकडीपलीकडे. नगारा चामडे विभागात. दोघांना एकत्र आणायचं तर समिती नेमावी लागते."

"मग नेमा की, साहेब."

"नेमली होती. सापडत नाही."

सगुणा परत आली आणि पुन्हा तेल चोळत बसली.

पुढे चैत्र आला. एका दुपारी सगळं जंगल जेवून आडवं झालं होतं. सिंह महाराज घोरत होते, त्यांचे मंत्री त्यांच्या सुरात घोरत होते. सगुणाच्या नाकाला धूर लागला. बाहेर येऊन बघते तर डोंगर पेटलेला! ती धावत साहेबांकडे गेली.

"साहेब, वणवा! उठा!"

साहेबांनी एक डोळा उघडला. "कोणत्या विभागात?"

"सगळ्याच!"

"मग तो आपल्या एकट्याचा विषय नाही," असं म्हणून साहेबांनी कूस बदलली.

सगुणा तशीच गुहेत घुसली. या वेळी मागे बघितलं नाही की पुढे बघितलं नाही.

"चिमाबाई, बाहेर या! नगारा वाजवायचाय!"

आतून आवाज आला, "अगं, पोरं आत्ता झोपलीत. हळू वाजव."

"वणवा आलाय हो!"

पुढच्या क्षणी चिमाबाईची सगळी पिलावळ सगुणाच्या गोणपाटाला लोंबकळली. पण वाजवायचं कशाने? सगुणाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि देवाचं नाव घेऊन थोरल्या महाराजांचं मांडीचं हाड उचललं.

धडाम्!

काय आवाज तो! शिरस्त्राण गडगडत दाराबाहेर गेलं. अंबारी लोळण घेऊन मोकळी झाली. धडाम्, धडाम्! सगुणाच्या काट्यांतून झिणझिण्या गेल्या. भीतीने रडायला येत होतं आणि आनंदाने हसायलाही येत होतं. बाहेर हरणं उठली, अस्वलं उठली, सशांनी उठायच्या आधीच पळायला सुरुवात केली. महाराज शेपूट वर धरून नदीत शिरले. त्यांच्याही पुढे होते गवारे साहेब.

शेवटच्या ठोक्याला नगारा फाटला. सगुणा पिलं सांभाळत पळत सुटली आणि नदी पार झाली.

पलीकडच्या काठावर सगळे सुखरूप. जो तो दुसऱ्याला मिठी मारत होता. सगुणाला कोणी मारली नाही. ते तसं अवघडच होतं. गवारे साहेबांनी अंग झटकलं आणि तिथेच चौकशी लावली.

"नगारा ऐकला म्हणून मी वाचलो, ते खासगी," ते म्हणाले. "पण अधिकारी म्हणून विचारतो. सरकारी वस्तू फाडली कोणी?"

"मी, साहेब."

ओलेचिंब महाराज पुढे आले. "ठोकलं कशाने?"

"थोरल्या महाराजांच्या हाडाने."

सगळे दोन पावलं मागे सरले. महाराजांचे डोळे भरून आले. "कसं वाजलं गं?"

"लई जोरात, महाराज."

"आमचं घराणंच तसं," महाराज छाती फुगवून म्हणाले. आणि त्यांनी सगुणाला नोकरीवरून काढून टाकलं.

सगुणा दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिचे हात शिवशिवायला लागले. टेकाडावर तिला एक पोकळ खोड दिसलं. तिने त्यावर थाप मारली. बरं वाजलं. मग ती तिथेच राहिली. दर उन्हाळ्यात धूर दिसला की खोड बडवायची आणि जंगल पळायचं. खोड कोणाचंच नव्हतं, त्यामुळे कोणाला विचारावं लागत नव्हतं. एकही जीव दगावला नाही.

काही वर्षांनी गवारे साहेब हार घेऊन टेकाडावर आले. मागे बारा रेडे आणि दोरखंड.

"सगुणाबाई, अभिनंदन!"

सगुणा लाजली. तिने मान पुढे केली. साहेबांनी हार खोडाला घातला.

"तुमचं खोड ऐतिहासिक ठरलंय. उद्यापासून भांडारात."

"अहो, पण पुढच्या वणव्याला?"

"काळजीच नको. आमची गुहा दगडी आहे. खोडाला काही होणार नाही."

रेड्यांनी खोड ओढत नेलं. सगुणा बघत राहिली. मग काटे झाडून ती दुसरं खोड शोधायला रानात शिरली. या वेळी जरा वाकडंतिकडं, कोणाच्या नजरेत न भरणारं.

तात्पर्य : बाळांनो, कामाची वस्तू जपायची असेल तर ती कधीही वापरू नये. आणि वापरल्याशिवाय जीव वाचत नसेल, तर ती महत्त्वाची आहे हे सरकारला कळू देऊ नये.