तातोबा नाईक दर्यापार गेले होते ही गोष्ट शाबीत जाहली त्याची बखर

श्रीगजवदनास नमन. ग्रामदैवतास नमन. ज्यांनी अक्षर शोधिले त्यांस नमन, आणि अक्षर येत नसता ज्यांनी साठ वर्षे पत्रे जपिली त्यांस दोन वेळा नमन. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध पंचमी ते दिवशी राज्याचे दरबारात, म्हणजे ग्रामपंचायतीचे वरचे मजल्यावर, जेथे पंखा एकच आणि तोही सरपंचांचे डोईवर, ऐसा ठराव जाहला की, या राज्यातील जे जे शिपाई दर्या ओलांडून परमुलखी लढावयास अगर पहाऱ्यास गेले त्यांची नावे काळ्या दगडावर कोरावी आणि तो दगड पौष मासी झेंडावंदनाचे दिवशी चावडीपुढे उभा करावा. नावे मोजिली ती सतरा भरली. मग मागील बाकावरून तातोबा शेडगे, फौजेतले निवृत्त नाईक, वय वर्षे चौऱ्याऐंशी, काठी टेकीत उठोन उभे राहिले आणि बोलिले, "अठरावं माझं." ऐसे बोलताच दरबारात जो हशा पिकला तो काय वर्णावा! पंखाही त्यात ऐकू येईना.

हशाचे कारण ऐसे की, नाईक गेली साठ वर्षे पारावर बसोन दर्यापारच्या गोष्टी सांगत. तिकडे नदी ऐसी की पलीकडचा तीर दिसत नाही, तिकडे केळी मीठ घालून उकडतात आणि भाकरीसारखी खातात, आणि बोटीत बावीस दिवस पोटात काही ठरत नाही, ऐसे सर्व सांगत. आणि ऐकणारे म्हणत, "काय तात्या, आज बोट कुठवर आली?" मग नाईक रागावोन घरी जात आणि दुसरे दिवशी पुन्हा येत. कोणी विश्वास ठेवीना याचे मूळ अन्यत्र नव्हते, ते त्यांचेच घरात होते. त्यांच्या पत्नी मातोश्री तानूबाई स्वतः सर्वांस सांगत, "कशाची बोट अन् कशाचं काय! चौदा महिने हिथंच छावणीत हुते. माझ्याकडं पत्रं हायती." आता खुद्द बायको ऐसे म्हणते, वर पत्रे आहेत म्हणते, तर प्रजेने काय करावे?

सरपंच मंदाताई या न्यायी. त्यांनी हशा थांबविला आणि बोलिल्या, "आबा, माझं काही म्हणणं नाही. फौजेचा कागद आणा, नाव कोरते. कागद नाही तर दगड नाही." नाईक म्हणाले, "तीनदा अर्ज केला. तीनदा एकच उत्तर आलं, नोंद आढळत नाही." मंदाताई म्हणाल्या, "मग चौथा करा. पौषाला वेळ आहे." नाईक म्हणाले, "पौषाला आहे गं, मला आहे का?" यावर दरबारात कोणी हसले नाही.

मग नाईकांनी शेजारच्या गावचे निवृत्त सुभेदार-मेजर दिनकरराव धायगुडे यांस वकील नेमिले. हे गृहस्थ मिशीने मोठे आणि फौजी कागदपत्रांत त्याहून मोठे. त्यांनी पाहिले की मागील तीन अर्जांत नाईकांनी "मला पदक द्या" इतकेच लिहिले होते. धायगुडे म्हणाले, "नाईक, पदक मागू नका. तुमच्या नावाची पूर्ण फाईल मागा, पहिल्या पानापासून. नोंद नाही म्हणतात ना, मग ती का नाही ते तरी लिहिलं असेल. फौज कागद फाडत नाही, फक्त पुरते." ऐसा चौथा अर्ज गेला, आणि आषाढ गेला, श्रावण निम्मा सरला, आणि एके दिवशी टपालाने लठ्ठ पाकीट आले, ते उशीसारखे होते.

धायगुडे मोटारसायकलवर स्वारी करोन आले आणि ओसरीवर बैसोन वाचू लागले. नाईक समोर, आणि तानूबाई घेवड्याच्या शेंगा निवडीत बाजूस, जणू आपला काही संबंधच नाही. पाने उलटता उलटता मजकूर निघाला तो ऐसा. शके १८८३ चे साली परमुलखात दंगा जाहला आणि तो शमविण्यास अनेक राष्ट्रांनी मिळोन फौज धाडिली, तीत आपलीही पलटण होती. नाईक तेव्हा साधे शिपाई. त्यांचे नाव मूळ यादीत नव्हते. बोट सुटण्याचे आदले दिवशी एका गड्यास कावीळ जाहली, आणि त्याचे जागी तातोबांस चढविले, आणि कारकुनाने त्यांचे नाव यादीचे तळाशी हाताने लिहिले. पुढे दफ्तरवाल्यांस शंका आली की हे तळाचे नाव खरे की कसे, म्हणोन त्यांनी रिवाजाप्रमाणे घरी पत्र धाडिले: आपला माणूस दर्यापार गेला आहे काय, ते कळवावे. घरून उत्तर गेले. आणि उत्तरावरून त्या नावावर तांबडी रेघ मारिली गेली.

"काय उत्तर गेलं?" नाईकांनी विचारिले.

धायगुडे यांनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा लाविला, आणि वाचिले: "'माझा माणूस कुठेही गेलेला नाही. तो आपल्याच मुलखात छावणीत सुखरूप आहे. त्याची पत्रे येतात.' अक्षर तुमच्या शाळेच्या मास्तरांचं, तसं लिहिलंय. खाली अंगठा." मग हळूच म्हणाले, "वहिनी, तुमचा."

शेंगा तशाच राहिल्या. नाईक उठोन उभे राहिले, काठीवाचून, आणि गरजले, "तानू! तू माझं नाव खोडलंस?" तानूबाई त्याहून मोठ्याने गरजल्या, "मी? अवो, तुमीच लिवलं हुतं ना हिथं हाय म्हणून! मास्तर मला वाचून दाखवायचे, छावणीत हाय, जेवण बरं हाय, म्हस याली का. म्हशीचं दर पत्रात विचारलं, आन् बोटीचं एकदाबी न्हाई!" नाईक म्हणाले, "ते खोटं लिवलं हुतं." तानूबाई म्हणाल्या, "मग आता खरं बोलताय ते कशावरनं?" धायगुडे मिशीस पीळ देत छताकडे पाहो लागले.

पाठीमागे पंधरा-वीस वेळा तरी नाईकांनी तानूबाईंस सांगितले होते की ते खोटे होते. परंतु का, ते सांगितले नव्हते. ते त्या दिवशी प्रथम सांगितले. आवाज खाली करोन म्हणाले, "तुझा बाप लढाईला बोटीत चढला तवा तू पोटात हुतीस. त्यो गेला आन् घरी नुसती पेटी आली. मी बोटीत चढलो तवा आपला पांडू पोटात हुता. काय लिवू तुला? बोटीवरनं बोलतोय, म्हणून लिवू?" तानूबाईंनी घेवड्याची टोपली उचलली आणि आत गेल्या, आणि आतून जी पेटी ओढत आणिली तीत सर्व पत्रे, एकूण एकोणतीस, पाकिटांसकट होती. ती धायगुडे यांचे पुढे ठेविली आणि म्हणाल्या, "बघा. खोटं हाय का खरं हाय, तुमीच सांगा. मला वाचता येत न्हाई."

धायगुडे यांनी आतला कागद काढिलाच नाही. पाकीट उलटे केले आणि हसले. "वहिनी, फौजेतला माणूस आतलं वाचत नाही, पाकीट वाचतो. छावणीतून पत्र आलं तर शिक्क्यात छावणीचं नाव असतं. हा शिक्का बघा, गावाचं नाव नाही, नुसता आकडा. दर्यापारच्या फौजी टपालाला गाव नसतं, आकडाच असतो. आणि ही कोपऱ्यातली सही साहेबाची. मोहिमेवरचं प्रत्येक पत्र साहेब वाचून मगच सोडतो, की कुठं आहोत ते फुटू नये." नाईक म्हणाले, "साहेब हसायचा मला. शेडगे, तू तर कुठं आहे ते अजिबातच फोडत नाहीस, म्हणायचा." एकोणतीस पाकिटे, एकोणतीस शिक्के, एकोणतीस सह्या! साठ वर्षे जो पुरावा नाईक गावोगाव शोधीत होते तो त्यांचेच घरात, त्यांचेच विरुद्ध पुरावा म्हणोन ठेविलेला होता.

परंतु कायदा ऐसा की, ज्याच्या जबानीने नोंद खोडली त्याने हयात असेल तर ती जबानी शपथेवर मागे घ्यावी, तरच नोंद पुन्हा उभी राहते. म्हणजे तानूबाईंनी तहसील कचेरीत जाऊन अंगठा द्यावा. हे ऐकोन त्या तीन दिवस नाईकांशी बोलिल्या नाहीत. जे सांगणे ते शेळीस सांगत. "चहा झालाय म्हणावं," ऐसे शेळीस. "काठी उंबऱ्यात ठेवू नये म्हणावं," हेही शेळीस. नाईकांनी पांडूकडून पुण्याहून फोन करविला, सुनेने समजाविले, मंदाताई येऊन गेल्या, परंतु काही उपयोग जाहला नाही. मंदाताईंस त्या म्हणाल्या, "साठ वर्सं मी ह्या माणसाचं पारावर हसं करवलं. माझ्याच तोंडानं. आता कुठल्या तोंडानं जाऊ?" राग नाईकांवर नव्हता हे तेव्हा उमगले. चौथे दिवशी सकाळी नाईक उठोन पाहतात तो तानूबाई घरात नाहीत, नव्या लुगड्याची घडी मोडलेली, आणि पत्रांची पेटीही नाही. त्या एकट्या पहिल्या एसटीने तहसिलीस रवाना जाहल्या होत्या. नाईक धायगुडे यांचे मोटारसायकलीवर मागे बैसोन धावले, वय चौऱ्याऐंशी, हेल्मेट उलटे.

कचेरीत पोचले तो मातोश्री नायब तहसीलदारांपुढे उभ्या होत्या. ते तरुण होते आणि भिडस्त होते. त्यांनी विचारिले, "आजी, तुमच्या नवऱ्याने तुम्हांला खोटं लिहिलं, असं लिहू का? की जरा वेगळं लिहू? गैरसमज झाला, असं लिहितो."

तानूबाई म्हणाल्या, "खोटंच लिवा. चौदा महिने खोटं लिवलं त्यांनी. आन् त्याच्यापुढं लिवा, की म्हणून मला चौदा महिने झोप लागली."

नायब तहसीलदारांनी मान खाली घालोन तसेच लिहिले, एक अक्षर न बदलता. मग शाईची डबी पुढे केली, आणि मातोश्रींनी अंगठा उमटविला, जोर लावोन, कागद टेबलास चिकटेपर्यंत. दारात उभे असलेले नाईक आत आले नाहीत. धायगुडे सांगतात की ते बाहेर जाऊन नळाखाली बराच वेळ तोंड धूत होते.

मग आश्विन गेला, कार्तिक गेला, मार्गशीर्षात दफ्तराचे पत्र आले: तांबडी रेघ रद्द, शिपाई तातोबा शेडगे, दर्यापार सेवा चौदा महिने सहा दिवस, मंजूर. आणि पौषात पार्सल आले, त्यात पदके दोन, एक आपले सरकारचे आणि एक सर्व राष्ट्रे मिळोन जे सरकार असते त्याचे, आणि दोहोंचे कडेवर बारीक अक्षरांत नंबर आणि नाव. झेंडावंदनास दगड उभा राहिला, अठरा नावांचा. पारावरचे लोक येऊन म्हणाले, "तात्या, चुकलो." नाईकांनी फार ताणले नाही, थोडेच ताणले.

त्या दिवशी दुपारी सर्व घरी परतले, आणि तानूबाईंनी पदक हाती घेतले, आणि त्याचे कडेवरून अंगठा फिरविला, जेथे अक्षरे खरखरीत लागतात तेथे थांबोन. मग समोर पाट ओढिला, बैसल्या, आणि म्हणाल्या, "हं. आता सांगा. बोट कशी हुती?"

नाईकांनी ही गोष्ट पारावर हजार वेळा सांगितली होती, उठता बसता सांगितली होती, हसणाऱ्यांपुढे सांगितली होती. परंतु त्या समयी त्यांची जीभ वळेना. मग म्हणाले, "मोठी हुती."

"ते कळलं," तानूबाई म्हणाल्या. "म्होरं?"

मग नाईक सांगो लागले, आणि त्या ऐकू लागल्या, आणि शेळीस त्या दिवशी कोणी काही सांगितले नाही.

येणेप्रमाणे शिपाई एक, पदके दोन, पत्रे एकोणतीस, नाव दगडावर अठरावे. जैसे घडले तैसे लिहिले, पदरचे घातले नाही, मिशीचे वर्णन तेवढे थोडे वाढविले. वाचणारांनी समजोन घ्यावे.