पाठकभावजींचा सभ्य उजेड

आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर भर उन्हाळ्यात एक माणूस डोक्यावर फ्रिजचं खोकं घालून बसलेला असायचा. नवा केबलवाला वायर ओढायला वर गेला आणि पक्कड तिथेच टाकून खाली पळाला. वर एकाला डोकंच नाहीये, म्हणाला. म्हटलं, ते आम्हाला केव्हापासून ठाऊक आहे.

ते आमचे शेजारी, पाठकभावजी. संग्रहालयांच्या दालनांत सूर्याचा उजेड कुठून नि किती घ्यायचा, हे ठरवून देणं हा त्यांचा धंदा. आता हा काय धंदा झाला? खिडकी उघडली की झालं! पण भावजी आधी खोक्याचं दालन करणार, वर झरोके कापणार आणि खालून आत डोकं घालून तासन्‌तास उजेड न्याहाळणार. तेही नेमकं माझ्या कुरडया वाळायच्या जागी. वर मलाच कुरडया सरकवायला सांगायचे. पांढऱ्या कुरडयांवरून ऊन उसळून आत जातं म्हणे.

उजेडाला ते माणसासारखी नावं ठेवायचे. पश्चिमेचं ऊन आगाऊ, ट्यूबलाइट उद्धट, उत्तरेकडून येतो तेवढा सभ्य. चहाला आले की आधी माझीच खुर्ची सरकवायचे. "वहिनी, इथे बसा, इथे बऱ्या दिसता." म्हणजे तिकडे कशी दिसत होते, ते विचारायची सोय नाही.

आणि एवढ्या उजेडाच्या पंडिताच्या घरात दिवसभर जाड पडदे ओढलेले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! सुमनवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, डोळ्यांचा कसलासा आजार होता. उजेड टोचायचा. घरातसुद्धा काळा चष्मा, कित्येक वर्षं.

अशात चांदवडच्या एका कांदा व्यापाऱ्याने आईच्या आठवणीखातर नाशकात जुन्या पैठण्यांचं संग्रहालय बांधायला काढलं. काम भावजींकडे आलं. शेठना हवा झगमगाट. एवढा पैसा घातला अन् आत लय अंधार हाय, ही त्यांची तक्रार. कडक उजेडात जुनं रेशीम विटतं, हे भावजींनी परोपरीने सांगितलं. शेठ ऐकेनात. हॅलोजन लावा, नाहीतर काम सोडा, इथवर गोष्ट आली.

मी खोचकपणे विचारलं, एका रेशमापायी एवढा हट्ट?

भावजी खोक्यातूनच बोलले, "तिथे हिला चष्मा काढून उभं राहता आलं पाहिजे. तेवढंच जमवायचंय मला."

मी सगळ्या कुरडया गोळा करून खाली नेल्या.

हे शेठच्या कानावर गेलं तसा माणूस वरमला. आधी ताईंना दाखवा, मग हॅलोजनचं बघू, म्हणाला.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी आम्ही चौघं आत गेलो. वरून सायीसारखा मऊ उजेड उतरत होता. भावजी भिंतीला टेकून नुसता घाम पुसत होते. वहिनींनी चष्मा काढला. डोळे मिटून घेतले, मग हळूहळू उघडले. समोर जांभळी पैठणी होती.

"दिसतं का ताई?" शेठनी विचारलं.

वहिनींचं पैठणीकडे लक्षच नव्हतं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"अहो, तुमचे केस कधी हो एवढे पिकले?"

आणि साठीला आलेले पाठकभावजी सगळ्यांदेखत खिशातून कंगवा काढून भांग पाडायला लागले.