केळीतलं रॉकेट

तोताराम नानांची केळी आज कापली नसती, तर झाडावरच पिकली असती. पण केळी घेणाऱ्या प्रेमराज शेठचा नियम होता: आधी बागेचा फोटो, मग गाडी.

फोटोचं खातं सुनेकडे, मोहिनीकडे. नात रूपा शाळेत जाण्यापूर्वी अंतराळसफरीचं नवं पुस्तक बांधावर उघडंच टाकून गेली होती. त्याच्या पानावर मोबाइल धरला, की चित्रातलं रॉकेट पडद्यावर समोर उभं राहायचं. मोबाइलमध्ये तेच चालू राहिलेलं. उन्हात पडदा दिसेना, मोहिनीने तसाच फोटो काढून पाठवला.

लगेच शेठचा फोन.

"नाना, बागेत काय उभं हाये?"

"केळी."

"केळीच्या वर?"

"आभाळ."

"मधी, नाना, मधी! पांढरं, लांबुळकं. खालून जाळ निघू राह्यला. अन् डोक्यात बरणी घातलेला तो माणूस कोण? दुसऱ्या व्यापाऱ्याचा हाये का?"

नानांनी मागे वळून पाहिलं. केळीच होती. मोहिनीने घाईघाईने समजावलं. नानांना काही कळलं नाही, पण त्यांनी ते फोनवर जसंच्या तसं सांगितलं, "शेठ, ते पुस्तकातलं हाये."

"मग पुस्तकात ठेवा ना! बागेत कायले आणलं?"

नानांना हे पटलं. त्यांनी मोहिनीलाही तेच विचारलं.

शेवटी शेठ मजूर घेऊन स्वतः आले. मोहिनीचा मोबाइल वर धरला, रॉकेट होतं. खाली केला, नव्हतं. पुन्हा वर केला. बरणीवाल्याने हात हलवला. शेठनेही हलवला.

मुकादम वनाने डोकावून पाहिलं आणि विळा खाली ठेवला. "मी त्याच्या बुडाशी घड कापणार नै. अंगावर पडलं तर?"

नाना ओरडले, "अरे भो, ते नाहीच हाये!"

"तेच म्हणतो. नसलेलं पडलं, तर दवाखान्यात काय सांगू?"

ऊन चढत होतं. शेवटी मोहिनीने जाऊन पुस्तक मिटलं. मोबाइलमध्ये नुसती केळी उरली.

"गेलं?" शेठ म्हणाले.

"गेलं."

"बरणीवाला?"

"बसूनच गेला."

शेठचं समाधान झालं. कापणी सुरू झाली, गाडी भरली, नानांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांचं लक्ष बागेच्या मध्यावर गेलं. तिथे झाडांचा एक गोल घोळका घडांसकट तसाच उभा होता.

"वना, हे कायले सोडले?"

"तिथं धग लागते, नाना."

नानांचं टाळकं सरकलं. दिवसभर एकच गोष्ट सांगून त्यांचा घसा बसला होता. त्यांनी वनाच्या हातातला विळा हिसकला, तरातरा आत गेले, त्या झाडांना लांबून वळसा घातला आणि पलीकडून बाहेर आले.

"राहू दे," ते म्हणाले. "निवल्यावर कापू."