चाळिसावी जागा

एका जंगलात, मुलांनो, आजारी पडायची सगळी सोय होती. बरं व्हायला मात्र फार लांब जावं लागे.

त्या जंगलाच्या पार टोकाला उंबरखोरं नावाचं खोरं होतं. तिथे सगुणा नावाचं एक खवलेमांजर राहायचं. खवलेमांजर तुम्ही पाहिलं नसेल. अंगभर खवले, तोंडात एकही दात नाही, आणि जीभ एवढी लांब की वारुळातली शेवटची मुंगीसुद्धा सुटत नाही. स्वभावानं मात्र फार भित्रं. अनोळखी कुणी नुसतं नाव विचारलं तरी अंगाचा गोळा करून बसतं.

सगुणाही तशीच होती. पण समोरचा आजारी असला की तिची भीती कुठे जायची कोण जाणे. खोऱ्यात कुणाचा पाय मोडला, कुणाला ताप भरला, की सगळे तिलाच बोलावत. ती यायची, शेजारी बसायची आणि आजारी प्राणी उठून बसेपर्यंत उठायची नाही.

एका उन्हाळ्यात नाना रानडुकरांच्या पायाला जखम झाली. सगुणानं ती रोज धुतली, पाला बांधला. जखम वरून भरून आली. तरी पाय सुजत गेला आणि नवव्या दिवशी नाना गेले. नानांच्या बायकोनं सगुणाला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट निघताना तिच्या हातावर दोन कंद ठेवले. सगुणाला दात नाहीत, ती कंद खात नाही, हे त्या दुःखात बिचारीच्या लक्षात राहिलं नाही. सगुणाला ते टाकवेनात. आपलं नक्की कुठे चुकलं, हे तिला कळत नव्हतं, आणि सांगू शकेल असं खोऱ्यात कुणी नव्हतं.

तसा खोऱ्यात दवाखाना होता. हिरवा रंग दिलेला, दारावर पाटी, दाराला कुलूप. कुलूप पदवीधर परिचारिकेनंच उघडायचं असा नियम होता. आता जंगलात पदवीधर परिचारिका नव्हत्या असं नाही. पण पदवी हातात पडली की त्या समुद्रापलीकडच्या जंगलांत निघून जात. तिकडचे प्राणी म्हणे जास्त काळजी घेण्यासारखे असतात.

शेवटी सगुणानं ठरवलं, की आपणच जाऊन शिकायचं.

विद्यापीठ जंगलाच्या मध्यावर होतं. परिचर्येच्या पदवीला जागा चाळीस आणि अर्ज साडेतीन हजार. अर्ज अकरा पानांचा होता. जन्म कुठे झाला, खवले जन्मजात आहेत की नंतर आले, आजोबा याच जंगलातले होते याला पुरावा काय, असं सगळं त्यात विचारलं होतं. आजारी प्राण्याजवळ कधी बसला आहात का, हा प्रश्न शेवटच्या पानावर होता. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की उत्तरासोबत दाखला जोडावा.

सगुणानं सागाचं एक मोठं पान घेतलं आणि खोऱ्यात ज्यांना ज्यांना बरं केलं होतं त्यांचे पंजे त्यावर उमटवून घेतले. त्रेपन्न पंजे झाले. पान काळजीपूर्वक गुंडाळून ती विद्यापीठाच्या खिडकीवर गेली.

खिडकीमागे मुंगूस कारकून बसले होते. त्यांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, की बरा झालेला रुग्ण हा उपकाराखाली असतो, त्यामुळे त्याची साक्ष धरता येत नाही. आणि जो बरा झाला नाही, तो साक्ष द्यायला येत नाही. तेव्हा रुग्णांचं काही आणू नये. इस्पितळाचा दोनशे तासांचा दाखला आणावा.

सगुणा इस्पितळात गेली. तिथल्या मुख्य परिचारिका साळिंदरबाई होत्या. त्यांनी तिला एका बाकावर बसवलं. पदवी नसल्यामुळे रुग्णांना हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. सेवेचा अनुभव मिळवायला आलेले आणखी सातआठ जण त्याच बाकावर बसलेले होते. बसल्या बसल्या ते एकमेकांना अर्जातली पानं दाखवत होते.

सगुणा बसून राहिली. एका दुपारी समोरच्या खाटेवरचं म्हातारं माकड पाणी पाणी करत होतं, तेव्हा मात्र तिनं उठून त्याला पाणी पाजलं. त्याबद्दल तिचे सहा तास कापले गेले. असे एकूण दोनशे सहा तास बसून तिनं दाखला मिळवला. सेवाभाव उत्तम, असं त्यावर लिहिलं होतं.

मग प्रवेशपरीक्षा आली. वाळवी पुस्तक खाते तसं सगुणानं जीवशास्त्राचं पुस्तक खाल्लं होतं. लेखी परीक्षेत ती साडेतीन हजारांत विसावी आली.

राहिली मुलाखत. सगळे उमेदवार त्यासाठी बगळेसरांच्या क्लासला जात, म्हणून सगुणाही गेली. बगळेसर एका पायावर उभे राहून करुणा शिकवत. प्रश्न आला की आधी डोळे मिटायचे. मग हळूच उघडायचे. डोळ्यांत पाणी आणायचं, पण सांडू द्यायचं नाही, कारण सांडलेल्याला गुण नसतात. परिचारिका का व्हायचंय, या प्रश्नाला लहानपणी आजी आजारी होती, असं उत्तर द्यायचं. सगुणाची आजी ठणठणीत होती. तिनं तसं सांगितल्यावर सरांनी तिला मागच्या रांगेत बसायला सांगितलं.

मुलाखतीच्या दिवशी ऊन रणरणत होतं. विद्यापीठाच्या अंगणात लांबच लांब रांग लागली होती. सगुणाच्या पुढे केतकी नावाचं भेकर उभं होतं. चांगल्या घरातली, नाजूक पोर. आईची इच्छा म्हणून ती आली होती आणि धास्तीनं सकाळपासून तिनं काही खाल्लेलं नव्हतं. मुलाखती सुरू झाल्या न झाल्या तोच ती धाडकन खाली कोसळली.

रांग थांबली. सगळ्यांनी डोळे मिटले, हळूच उघडले. काहींच्या डोळ्यांत पाणीही आलं. मग आतून पुढचा नंबर पुकारला गेला आणि रांग केतकीला वळसा घालून पुढे सरकली.

सगुणानं तिला ओढत सावलीत नेलं. पाय उंच ठेवले, कपाळावर ओला पाला ठेवला. केतकी शुद्धीवर यायची आणि पुन्हा डोळे मिटायची. दोनदा सगुणाचं नाव पुकारलं गेलं. तिला ते ऐकू आलं. जावं असं फार वाटलं. या हाकेसाठी तिनं दोनशे सहा तास बाकावर काढले होते. पण केतकीनं तिची शेपटी घट्ट धरून ठेवली होती.

तिसऱ्यांदा नाव पुकारलं तेव्हा केतकीचा श्वास जरा सरळ चालायला लागला होता. सगुणा धावत आत गेली.

आत निवड समिती बसली होती. मध्यभागी अध्यक्ष, गवासाहेब. त्यांनी उशिराचं कारण विचारलं.

"बाहेर एक भेकर चक्कर येऊन पडलंय साहेब. तिच्याजवळ होते," सगुणा म्हणाली.

गवासाहेबांनी कागद चाळले.

"हो, आम्हाला कल्पना आहे. सकाळपासून त्या भेकराची अकरा जणांनी सेवा केली आहे. तुम्ही बाराव्या."

समितीचे सगळे डोळे तिच्याकडे लागले होते. व्हायचं तेच झालं. तिच्या अंगाचा गोळा झाला. परिचारिका का व्हायचंय, असं साहेबांनी गोळ्यालाच विचारलं. मग आतून बारीक आवाज आला.

"तिला अजून पाणी पाजायचंय. मी जाऊ का?"

संभाषणकौशल्याला दहापैकी शून्य मिळालं. शेऱ्यात लिहिलं गेलं, की उमेदवारानं मुलाखत अर्धवट सोडली.

इकडे समितीला त्या भेकराबद्दल कुतूहल वाटू लागलं होतं. एकाच दिवशी इतक्यांची करुणा जागवणारा प्राणी आहे तरी कसा, म्हणून त्यांनी केतकीला शेवटी आत बोलावलं. ती पांढरीफटक होती. बगळेसरांनी शिकवलेलं सगळं ती विसरली होती. पडल्यावर काय वाटलं, असं साहेबांनी विचारलं.

"कुणीतरी कपाळावर हात ठेवला," केतकी म्हणाली. "मला वाटलं, आई आली."

समिती गहिवरली. रुग्णाच्या मनाची प्रत्यक्ष जाण, या सदरात तिला दहापैकी दहा मिळाले.

यादी लागली. चाळिसाव्या जागेवर केतकीचं नाव होतं. त्याखाली रेघ होती आणि रेघेखाली, प्रतीक्षायादीत पहिली, सगुणा.

केतकी शोधत शोधत उंबरखोऱ्यात आली. तिला रडू आवरत नव्हतं. आपल्याला रक्त बघवत नाही, सुई दिसली तरी गरगरतं, ही जागा तुमची आहे, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग दोघी मिळून खिडकीवर गेल्या. मुंगूस कारकुनांनी नियमांचं पुस्तक काढलं. फेरी संपली होती. आता कुणी जागा सोडली तर ती चार वर्षं रिकामी राहणार होती. रिकामी खुर्ची नियमात बसते, कारकुनांनी सांगितलं, प्रतीक्षायादीतलं कुणी त्या खुर्चीत बसत नाही.

दोघी परत निघाल्या. केतकीचा राग करावा असं सगुणाला वाटून गेलं, पण राग धरायला ती पोर फारच किडकिडीत होती. ओढ्यापाशी आल्यावर सगुणा थांबली.

"तू जा कॉलेजला," ती म्हणाली. "रविवारी येत जा. काय शिकवलं ते मला सांग. रक्ताचं मी बघते."

केतकी कॉलेजात जाऊ लागली. दर रविवारी ती वह्या घेऊन खोऱ्यात यायची. सकाळी ती सगुणाला आठवड्याचे धडे वाचून दाखवायची. दुपारी सगुणा तिला कुणाच्या तरी जखमेपाशी घेऊन जायची. पहिल्या महिन्यात केतकी चार वेळा पडली. रोग्यांनाही सवय झाली. ती पडली की ते आपणहून सरकून तिला जागा करून देत.

दुसऱ्या वर्षी एका रविवारी केतकीनं जखमेचं विष अंगात कसं चढतं तो धडा वाचला. जखम वरून मिटते, आत पू राहतो, आणि सांध्याच्या चार बोटं वर दाबलं तर कळ येते, असं वहीत होतं. सगुणानं तिला ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"म्हणजे मी चार बोटं वर दाबून बघायला हवं होतं," सगुणा म्हणाली.

केतकीला नाना माहीत नव्हते, त्यामुळे तिला काही समजलं नाही. सगुणा उठून बाहेर गेली. बऱ्याच वेळानं आत आली आणि पुढचं वाच म्हणाली. त्यानंतर तिनं बांधलेल्या पायांपैकी एकही पाय वाया गेला नाही.

चार वर्षांनी केतकीला पदवी मिळाली. समुद्रापलीकडून तिला तीन बोलावणी आली. तिनं उंबरखोरं मागून घेतलं, तेव्हा तिच्या त्यागाचं फार कौतुक झालं, सत्कारही झाला. सगुणाताई शेजारी नसतील तर आपल्याला चक्कर येते, हे तिनं सत्कारात सांगितलं नाही.

केतकीनं दवाखान्याचं कुलूप उघडलं. मदतीला एक मावशी नेमायची सोय होती. मावशीला अर्ज नव्हता, परीक्षा नव्हती, मुलाखत नव्हती. सगुणा दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. नोंदी केतकी करायची, औषधं केतकी द्यायची, मोठं दुखणं असेल तर पुढच्या इस्पितळाला चिठ्ठी केतकी लिहायची. बाकीचं मावशी बघायच्या. म्हणजे जवळजवळ सगळंच.

दवाखान्याचा लौकिक पसरला आणि एके दिवशी तपासणीला स्वतः गवासाहेब आले. वाटेत त्यांच्या खुरात काटा मोडला होता. लंगडत लंगडत ते आत आले आणि पदवीधर परिचारिकेनंच काटा काढावा, असं त्यांनी सांगितलं. केतकीनं साहेबांचा पाय धरला आणि मान दुसरीकडे वळवली. सगुणानं नखांनी काटा काढला. वारुळं फोडणारी ती नखं, पण साहेबांना कळलंसुद्धा नाही. तिनं चार बोटं वर दाबून पाहिलं, जखम धुतली आणि पट्टी बांधायला घेतली.

"शिक्षणाचा फरक लगेच जाणवतो," गवासाहेब केतकीला म्हणाले. वहीत त्यांनी तसं लिहूनही घेतलं. मग त्यांची नजर खाली गेली. "या कोण?"

"मावशी आहेत," केतकी अडखळत म्हणाली.

साहेबांनी थोडा वेळ सगुणाचं काम निरखलं. ते मनानं वाईट नव्हते.

"हात चांगला आहे हो तुमचा," ते म्हणाले. "तुम्ही कधी पदवीला अर्ज का केला नाहीत?"

केतकीनं सगुणाकडे पाहिलं. सगुणाची पट्टी अजून बांधून व्हायची होती.

"साहेब," ती म्हणाली, "पाय हलवू नका."

तात्पर्य : मुलांनो, परिचारिकेच्या पदवीसाठी रांगेत उभे राहाल, तेव्हा खुशाल चक्कर येऊन पडा. फक्त पडण्याआधी मागे कोण उभं आहे, ते नीट बघून घ्या.