हात लावा की!

सिद्धार्थनं आमच्या सगळ्या शिक्षणात एकही वस्तू एकट्यानं उचलली नाही. जड वस्तूंचंच म्हणत नाही मी, काहीही. ड्रॉइंगचा मोठा कागद या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचा असला, तरी हा कागदाचं एक टोक धरून उभा राहायचा आणि अख्ख्या स्टुडिओला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "हात लावा की जरा!" मग मी दुसरं टोक धरायचे. तो कागद अंतरपाटासारखा धरून आम्ही निघालो की मागून कुणीतरी मंगलाष्टकं सुरू करायचं.

बरं, गडी काही अशक्त नव्हता. कोऱ्हाळ्याचा, शेतात वाढलेला. वर्कशॉपमधले गंजून बसलेले नट तो नुसत्या हातानं फिरवायचा. पण तोच माणूस रंगाचा डबा हलवायचा म्हटलं की शेजारी कोण आहे ते बघायचा. नवीन मुलांना वाटायचं, हा कामचुकार आहे. तसं म्हणावं तर दुसऱ्याच्या कामाला न बोलावता जाणारा पहिला माणूसही हाच. बारामतीच्या एसटी स्टँडवर एका बाईंच्या बॅगेला यानं मागून गुपचूप हात लावला. बाईंनी "चोर, चोर" म्हणून स्टँड डोक्यावर घेतलं. आम्ही सोडवायला गेलो, तर हा पठ्ठ्या बॅगेचा एक बंद तसाच धरून त्यांना समजावत होता, "मावशी, जड हाय म्हणून धरली. दोघं असली म्हंजी झालं!"

आम्ही शिकत होतो इंडस्ट्रियल डिझाइन. हे नेमकं काय असतं, ते आमच्या वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये मी कुणालाच समजावू शकले नाही. शेजारच्या काकू दर सुट्टीत विचारायच्या, "म्हणजे ड्रेस का गं?" सिद्धार्थला गावात कुणी विचारलं की तो सांगायचा, "दुसऱ्याला कुठं अवघडतंय ते बघायचं आन् ते सोपं करायचं. बास." आमच्या पुस्तकांतही याहून बरी व्याख्या मला सापडली नाही.

स्टुडिओतलं सगळं काम गटात. आमच्या गटात तिघं: सिद्धार्थ, इंदापूरचा इरफान आणि मी. कष्ट वेगवेगळे आणि गुण मात्र सगळ्यांना सारखे, हा न्याय मला अजिबात पसंत नव्हता. मी लहानपणापासून दार लावून अभ्यास करणारी. पण सिद्धार्थ गटात असल्यावर दार कसलं लावता? मी पाण्याच्या जगाचं चित्र काढलं की तो मागून वाकून विचारणार, "ह्यो एकट्याचाच हाय. दुसऱ्यानं कुठं धरायचं?" त्याच्या हट्टापायी आमच्या जगाला दोन कान आले, डब्याला दोन कड्या आल्या. छत्रीलाही दोन मुठी आल्या, तेव्हा स्टुडिओच्या मॅडमनी चष्मा काढून ठेवला.

"सिद्धार्थ, हे काय?"

"एका छत्रीत दोघं चालली की एकाचाच हात दुखतोय, मॅडम."

मॅडमनी पुन्हा चष्मा लावला आणि छत्री नीट बघितली. गुणही दिले.

तर अशा माणसासमोर तिसऱ्या वर्षी विषय आला: एकट्या माणसाला कुणाच्याही मदतीशिवाय वापरता येईल अशी वस्तू. स्टुडिओत हशा पिकला. इरफान म्हणाला, "भाऊ, आता तुझं कसं व्हायचं?" सिद्धार्थ मात्र हसला नाही. विचार न करता म्हणाला, "वैरणीचा भारा."

शेतातून जनावरांसाठी घास किंवा उसाचं वाडं कापायचं, त्याचा भारा बांधायचा, इथपर्यंत बाई एकटी सगळं करते. डोक्यावर घेतल्यावर घरापर्यंतही एकटी नेते. अडतं ते जमिनीवरून डोक्यावर घेताना. तेवढ्या क्षणाला दुसरं माणूस लागतं. मग रस्त्यानं जो दिसेल त्याला हाक मारायची, "हात लावा की!" सिद्धार्थची हाक कुठून आली होती, ते मला तेव्हा कळलं.

आम्ही एक तिरकी शिडी बनवली. भारा ढकलत ढकलत वर न्यायचा, दर टप्प्याला मागं घसरू नये म्हणून अडकण, आणि वरच्या टोकाला भाऱ्याखाली डोकं घालून उभं राहायचं. इरफाननं तिचं नाव ठेवलं घोडा. पहिल्या चाचणीपासून घोडा झकास चालला. मी भारा घेतला, इरफाननं घेतला, शिपाईमामांनी हौसेनं घेतला. मॅडम खूश. आम्ही प्रेझेंटेशनसाठी व्हिडिओ जोडायला बसलो. इरफाननं एकदम व्हिडिओ मागं नेला. पुन्हा मागं नेला. प्रत्येक चाचणीत, अगदी शेवटच्या क्षणी, कडेनं एक हात येत होता आणि भाऱ्याला खालून टेकू देत होता.

"हा हात कुणाचा?"

सिद्धार्थनं स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. "आयला. मला ठावंच न्हाय!"

त्याला कॅन्टीनला पाठवून पुन्हा चाचणी घेतली. भारा माझ्या डोक्यावरून थेट पाठीमागं गेला, मागोमाग मी.

इरफान म्हणाला, विषय बदलू, वेळ थोडा आहे. त्यावर सिद्धार्थ पहिल्यांदाच आमच्यावर ओरडला. "तुमी बदला! मी न्हाय बदलणार." मग खाली बसला आणि सांगू लागला. वडील नोकरीनिमित्त लांब, बहीण सासरी. घरी आई आणि दोन म्हशी. शाळेत असल्यापासून आईच्या भाऱ्याला हात लावणारा तोच. "मी हितं आलो आन् ती बांधावर उभी ऱ्हाती, कुणी येतंय का बघत. फोनवर म्हणती, शेजारची येती हात लावायला. शेजारची कवाच पुण्याला लेकाकडं गेलीय. मला काय कळत न्हाय व्हय?" शेवटी म्हणाला, "घोडा जमला न्हाय तर ह्या परीक्षेनंतर मी कायमचा घरी जाणार. ठरलंय माजं."

आम्ही चेष्टा करायची विसरलो. शिडीचा उतार कमी केला, वरचा टप्पा सिद्धार्थच्या आईच्या खांद्याच्या उंचीला आणला, चिखलात रुतू नयेत म्हणून पायांना रुंद पट्ट्या लावल्या. आणि दर चाचणीला सिद्धार्थला चहा आणायला पाठवलं. त्या महिन्यात आम्ही जेवढा चहा प्यायलो तेवढा पुढं कधी प्यायलो नाही.

मग घोडा घेऊन कोऱ्हाळ्याला गेलो. सिद्धार्थची आई, म्हणजे आमच्या मावशी, घासात उभ्या होत्या. आमच्याकडे आणि घोड्याकडे बघून म्हणाल्या, "एवढं समद्यांनी मिळून केलंय व्हय?" भारा बांधून तयार होता. मी सिद्धार्थचा उजवा हात धरला, इरफाननं डावा. मावशींनी डोक्यावर चुंबळ ठेवली, भारा घोड्याला लावला, ढकलला. एक अडकण वाजली, दुसरी वाजली. सिद्धार्थचे हात आमच्या हातांत ओढ घेत होते. आम्ही दोघं कसेबसे त्याला धरून होतो. मावशी वळल्या, वाकल्या, डोकं खाली घातलं आणि सरळ उभ्या राहिल्या. मग बांधावरून तशाच गोठ्याकडे चालत गेल्या. मागं वळून पाहायचं त्यांना कारणच नव्हतं.

इरफाननं शिट्टी वाजवली. मी उड्या मारल्या. आमचा गट टिकला होता, सिद्धार्थ कॉलेज सोडणार नव्हता. मला दार उघडायला लावणारा हा माणूस आमच्यात राहणार, याचा इतका आनंद मला झाला की डोळ्यांत पाणी आलं. आज कुठल्याही कामात मी आधी शेजारी कोण आहे ते बघते, ते त्याच्यामुळं. ते ऋण मी मनापासून मानते.

सिद्धार्थ मात्र त्या रिकाम्या घोड्यापाशी उभा होता. "गेली की," तो म्हणाला. "एकटीच गेली." हसत होता, पण तोंड रडवेलं झालं होतं.

मावशी भारा टाकून परत आल्या. लेकाकडे पाहिलं आणि काय झालंय ते त्यांना सांगावं लागलं नाही. तो लहान पोरासारखा म्हणाला, "आई, आता मी काय करू गं?"

मावशींनी पदरानं त्याचं तोंड पुसलं, खाली पडलेला विळा उचलला.

"शीक," त्या म्हणाल्या, आणि पुढचा घास कापायला वळल्या.