भिकाजीची फाईल आणि गुहेचा राखणदार

भिकाजीने तयारी करायचं ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

त्याचा वर्गमित्र धाकू बोटीवर खलाशी. रजेवर रत्नागिरीला येताना त्याने एक अजब खेळ आणला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एका डब्यात वीस बाजूंचा फासा, बाकी सगळं तोंडी. धाकूने प्रसंग सांगायचा, त्यातला राक्षसही त्यानेच व्हायचं, खेळणाऱ्यांनी शूरवीर होऊन ‘मी आता हे करतो’ म्हणायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं.

चौथ्या रविवारी धाकू म्हणाला, “पुढच्या रविवारी शेवटचा डाव, मग मी बोटीवर. जो खेळ अडू देणार नाही, त्याला हा डबा ठेवून जाईन, पुढे खेळ त्यानेच सांगायचा.”

भिकाजीला डबा हवाच होता. (कचेरीत सतरा वर्षं साहेबाचं ऐकलं, एकदा तरी आपण सांगावं आणि चार माणसांनी ऐकावं, एवढीच बापड्याची इच्छा.) त्याने आठवडाभर खपून जाडजूड फाईल केली. राक्षस लहान, राक्षस मोठे, दोरखंड, शिवाय जोडपत्रं.

बायको मालन खोबरं खवता खवता म्हणाली, “अहो, खेळायला बसताय की खात्याच्या परीक्षेला?”

रविवारी पडवीत डाव मांडला. एक गडी आलाच नाही, म्हणून शेजारच्या आप्पांच्या बाजूला मालनला बसवलं.

“गुहेच्या दारात अक्राळविक्राळ राक्षस!” धाकू गरजला. “भिक्या, काय करतोस?”

“थांब हां. राक्षस... मोठे...”

पानं उलटली. चहावर साय आली. आप्पा घोरू लागले.

“मेल्या, राक्षस उभाय अजून!”

“त्याला सांग, जोडपत्र ‘ब’ बघतोय!”

“अगो बाई!” मालन उठली. “दारात उभा म्हणजे राखणदार तो. त्याचा मान द्या की! धाकूभावजी, मी नारळ ठेवते.” आणि हात जोडून तिने खणखणीत गाऱ्हाणं घातलं, “बा राखणदारा, ही लेकरं तुझ्या दाराशी आलीत. चुकलंमाकलं पोटात घाल नि वाट मोकळी कर, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाऱ्हाण्याला साथ द्यायच्या सवयीने आप्पा झोपेतून ओरडले. भिकाजी ओरडला. आणि आपणच राक्षस आहोत हे विसरून धाकूही ओरडला.

“आता फासा कशाला?” आप्पा म्हणाले. “राक्षसच व्हय म्हणाला!”

वाट मोकळी झाली आणि मालनने तासाभरात खजिना गाठला. भिकाजीने फाईल मिटली. डबा हातचा गेला खरा, पण बायकोच्या कौतुकाने त्याचा ऊर भरून आला.

“अगो, तू तयारी केलीस कधी?”

“चार रविवार आतून ऐकत होते. आज तुमच्या पाळीत माझं काय ते ठरवून ठेवलं. तुमची पाळी लांबते, वेळ भरपूर मिळतो.”

धाकूने डबा तिच्या हाती दिला. “वैनी, आता खेळ तुम्ही सांगायचा.”

“आणि मी काय करू?” भिकाजीने विचारलं.

“तुम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्याची तयारी लग्नापासून झालीय तुमची.”

“व्हय म्हाराजा,” भिकाजी म्हणाला. तेही फाईल न उघडता.